'द वायर'चा पहिला भाग: तासभर झाला तरी एकही फोन टॅप नाही?

झापड

'द वायर' या बाल्टिमोरचे पोलीस आणि अमली पदार्थांची टोळी यांच्यावरच्या अमेरिकन मालिकेचा (एचबीओ वाहिनी) पहिला भाग ('द टार्गेट', २००२) संपवला. नाव 'वायर', पण तासाभरात कुणाचाही फोन ऐकला जात नाही. वीसेक माणसं येऊन जातात, निम्म्यांची नावं कळत नाहीत. आरोपी सुरुवातीलाच कोर्टात बसलेला, मग रहस्य कसलं? शेवटी साक्षीदार मरून पडलेला दिसतो आणि तो कोण हे आठवावं म्हणून कोर्टातलं दृश्य परत दाखवतात. हे तर फारच बाळबोध वाटलं.

पुढे बघावं का, आणि किती भागांनी पकड येते? संवाद अर्धे डोक्यावरून गेले, त्यावर काही उपाय? आणि चौकोनी चित्राची आवृत्ती चांगली की रुंद? कृपया पुढचं फोडू नका.

निशाचर

फोन ऐकणं पहिल्या भागात नाही, ते बरोबरच आहे. पाचव्या भागाचं नाव 'द पेजर' आणि सहाव्याचं 'द वायर' आहे, एवढं सांगितलं तर फुटणार काही नाही. उशिराचं कारण कायद्यात आहे. अमेरिकेत १९६८च्या कायद्यानुसार पोलिसांना कुणाचं बोलणं ऐकायचं तर न्यायाधीशाचा आदेश लागतो. अर्जात दाखवून द्यावं लागतं की पाळत ठेवली, खबरी लावले, गिऱ्हाईक बनून माल विकत घेतला आणि तरी हात टेकले, किंवा हे मार्ग इथे चालणारच नाहीत. आदेश मिळाला तरी बोलणं कामाचं नसेल तर ऐकणं थांबवावं लागतं. सुरुवातीचे भाग म्हणजे हा अर्ज उभा राहताना पाहणं आहे. आपल्याकडे ही परवानगी न्यायाधीश देत नाही, गृहखातं देतं. म्हणून आपल्या मालिकांत साहेबांनी हुकूम सोडला की पुढच्याच दृश्यात हेडफोन.

रहस्याबद्दल. आरोपी डी'अँजेलोने खून केला की नाही हा इथे प्रश्नच नाही. कोर्टातलं दृश्य पुन्हा पाहा, पण साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडे न बघता बाकांकडे बघा. मॅकनल्टी हा खून विभागाचा पोलीस, पण ती केस त्याची नाही, तो नुसता येऊन बसलाय. मागे टोळीतला स्ट्रिंगर बेल शांतपणे वहीत काहीतरी काढतोय. साक्षीदार रखवालदार बाई फितूर होते, दुसरा साक्षीदार विल्यम गँट मात्र आरोपीकडे बोट दाखवतो. आरोपी सुटतो. मग न्यायाधीश मॅकनल्टीला चेंबरमध्ये बोलावतो आणि मॅकनल्टी डी'अँजेलोच्या बार्क्सडेल टोळीची कुंडली मांडतो. पहिल्या भागाची खरी घटना ती.

कारण त्याने शिडी ओलांडली. त्याच्या वर सार्जंट लँड्समन, त्याच्या वर मेजर रॉल्स, आणखी वर डेप्युटी कमिशनर बरेल. न्यायाधीशाचा फोन थेट बरेलला जातो आणि खालच्या सगळ्यांना जाब द्यावा लागतो, ज्यांना यातलं काहीच माहीत नाही. सरकारी कचेरी पाहिलेल्या माणसाला हा गुन्हा किती मोठा ते समजावून सांगायला नको. लेफ्टनंट डॅनियल्सच्या हाताखाली पथक नेमलं जातं तेही टोळी धरायला नाही, न्यायाधीशाला गप्प करायला. वरून अपेक्षा एवढीच की चार फुटकळ अटका दाखवा आणि फाइल बंद करा. मॅकनल्टीला हवाय फोनवर कान. पुढचे तेरा भाग या ओढाताणीवर चालतात.

तिखटमीठ

निशाचर, तेरा भाग म्हणजे पूर्ण पहिला हंगाम, पुढचे बारा म्हणा. :) (एकूण पाच हंगाम, ६० भाग.)

शेवटच्या त्या दृश्याबद्दल झापड यांचं म्हणणं मान्य. ते पूर्वदृश्य एचबीओच्या आग्रहाने घातलं, प्रेक्षकाला गँट आठवणार नाही या धास्तीने. निर्माता डेव्हिड सायमनने हे उघड सांगितलंय आणि ही युक्ती पुढे वापरलेली नाही. म्हणून इथून पुढे चेहरे तुम्हालाच लक्षात ठेवावे लागतील. पार्श्वसंगीतही मदतीला येणार नाही. शीर्षकगीत आणि हंगामाअखेरची दृश्यमाला सोडली तर गाणं वाजतं ते गाडीतल्या रेडिओवर किंवा क्लबमध्ये, म्हणजे दृश्यातल्या माणसांनाही ऐकू येतं तेच. दुःखद प्रसंगाला व्हायोलिन नाही, त्यामुळे सवय नसलेल्याला सपाट वाटतं.

त्रुटी अजून एक आहे: मॅकनल्टी झालेला डॉमिनिक वेस्ट इंग्लंडमधल्या शेफील्डचा, त्याचा अमेरिकन उच्चार चिडला की घसरतो. स्ट्रिंगर बेल झालेला इद्रिस एल्बाही लंडनचा, पण त्याचं कळत नाही.

संवादांसाठी इंग्रजी सबटायटल लावाच, लाज बाळगू नका. बाल्टिमोरच्या नाक्यावरची बोली खुद्द अमेरिकनांनाही अवघड जाते. सुरुवातीला एवढं पुरे:

'री-अप' म्हणजे नाक्यावरचा माल संपल्यावर नवा साठा येणं. 'स्टॅश' म्हणजे माल लपवलेली जागा. ती विकणाऱ्याच्या अंगावर कधीच नसते. 'द पिट' म्हणजे बुटक्या इमारतींमधला चौक. उंच टॉवरमधून डी'अँजेलोला तिथे पाठवतात ती बदली नाही, शिक्षा आहे. 'क्लिअरन्स' म्हणजे उकल झालेल्या खुनांचं प्रमाण. खून विभागाच्या भिंतीवरचा फळा बघा: लाल अक्षरातलं नाव म्हणजे तपास बाकी, काळं म्हणजे उकल झाली. पोलिसांची सगळी भांडणं त्या लाल रंगावरून आहेत.

आणि डी'अँजेलो पोरांना झापतो ते दृश्य चुकवू नका. पैसे घेतले आणि तिथेच माल हातात दिला, तर लांबून फोटो काढणाऱ्याला एका चौकटीत सगळा पुरावा मिळतो. म्हणून पैसे एका जागी, माल इमारतीच्या पलीकडे, दुसऱ्याच्या हातून. सायमन 'बाल्टिमोर सन'चा गुन्हेवार्ताहर आणि सहलेखक एड बर्न्स त्याच शहराच्या पोलिसांत होता, ते अशा ठिकाणी दिसतं.

सावकाश

फक्त चित्राबद्दल. मूळ प्रक्षेपण ४:३, म्हणजे चौकोनी. २०१४मध्ये एचबीओने १६:९ची हाय डेफिनिशन आवृत्ती काढली आणि स्ट्रीमिंगवर सहसा तीच असते. नुसतं वरखाली कापलेलं नाही. बऱ्याच ठिकाणी मूळ फिल्मवर कडेला असलेला भाग उघडला आहे. त्यामुळे स्पष्टता वाढली, पण काही चौकटींतली दाटी गेली. दोन माणसं मुद्दाम कोंबून बसवलेली असतात, तिथे आता बाजूला मोकळी भिंत दिसते. उलट मोकळ्या जागेतली, चौकातली दृश्यं रुंदीत खुलतात. पहिल्यांदा बघताना रुंद बघा, चेहरे नीट ओळखू येतात आणि तुमची अडचण तीच आहे. जुन्या डीव्हीडीवर चौकोनीच मिळेल. टीव्हीच्या 'झूम'ने ती ताणू नका, डोकी कापली जातात.

झापड

धन्यवाद. फाशांच्या खेळाचं पहिलं दृश्य मग कशासाठी? ते पात्र पुन्हा आलंच नाही. आणि गाडीत डी'अँजेलो खटल्याबद्दल बोलायला लागतो तर तो ड्रायव्हर एवढा का तापतो?

निशाचर

त्या दृश्यात मरून पडलेल्या पोराचा मालिकेशी संबंध एवढाच. दर शुक्रवारी डावातले पैसे उचलून पळणार, बाकीचे पकडून बदडणार, आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा खेळायला घेणार. का घेता, असं मॅकनल्टी विचारतो आणि साक्षीदाराला तो प्रश्नच विचित्र वाटतो. सगळ्यांना ठाऊक असलेला, मोडता न येणारा नियम. नंतर न्यायाधीशाच्या चेंबरमध्ये मॅकनल्टी स्वतःच्या खात्याचा असाच एक नियम मोडतो, म्हणून ते दृश्य आधी आहे.

गाडीचं सोपं आहे: टोळीचा नियम आहे की गाडीत धंद्याचं बोलायचं नाही, तिथे यंत्र लावलेलं असू शकतं. तो ड्रायव्हर, वी-बे, डी'अँजेलोला बाहेर काढूनच नियम म्हणायला लावतो. गाडीतही तोंड न उघडणाऱ्या टोळीविरुद्ध कोर्टात ऐकवायला काय मिळणार, याचा विचार करत दुसरा भाग लावा.

तिखटमीठ

पकड कधी येते ते राहिलं. तिसऱ्या भागात बुद्धिबळाचा पट येतो, चौथ्यात दोन पोलीस जवळजवळ एकाच शिवीवर जुन्या खुनाची जागा तपासतात. त्या दोन्हीनंतरही कंटाळा आला तर खुशाल सोडा. आणि पहिल्या भागात लँड्समन विचारतो की बदली कुठे झालेली तुला आवडणार नाही, त्याला मॅकनल्टी काय उत्तर देतो तेवढं कागदावर लिहून ठेवा.