पत्त्यांचा कॅट: फक्त १००० छापायचे की मागणी येईल तेवढे?

गंजिफावाला
मोहीम किकस्टार्टरवर (लोकांकडून आगाऊ पैसे जमवायचं संकेतस्थळ), अमेरिकेतून. पोकर आकाराचा ५४ पत्त्यांचा कॅट, चित्रं सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांच्या (विष्णूच्या दहा अवतारांचे पारंपरिक पत्ते) वळणाची. छापखाना १००० पेक्षा कमी घेत नाही. "फक्त १०००, पुन्हा छपाई नाही" म्हटलं तर संग्राहक लगेच येतील, पण मागणी १६०० ची आली तर? आणि मर्यादा घातलीच नाही तर उरलेला माल घरात पडणार.

इस्पिक_एक्का
आधी मर्यादा कशावर ते ठरवा: डबीवर, पाठीच्या रंगावर की चित्रांवर? "पुन्हा छपाई नाही" एवढंच लिहून दोन वर्षांनी तीच चित्रं निळ्या पाठीवर आणलीत तर संग्राहक फसवलं म्हणणारच. "लाल पाठ आणि सोनेरी फॉइलची डबी पुन्हा छापणार नाही, चित्रं इतर रंगांत येऊ शकतात" असं मोहिमेच्या पानावर पहिल्या दिवसापासून हवं. मोहीम सुरू झाल्यावर बदललेली अट कोणी विसरत नाही.

दुसरं, १००० सांगितले म्हणजे १००० च येतात असं नाही. करारात बहुधा ५ ते १० टक्के कमी-जास्तची मुभा असते. म्हणून विक्री ९०० वर थांबवा. जास्तीचे आले तर ते नष्ट करणार की बदली म्हणून ठेवणार, हेही पानावर लिहा. टपालात डबीचे कोपरे चेपतातच, तेव्हा ३०-४० कॅट हाताशी लागतात.

किलवरची_राणी
९०० वर थांबवायचं तर हिशोब कॅटचा ठेवा. किकस्टार्टरवर बक्षिसाला (पैशांच्या बदल्यात द्यायचा माल) घातलेली मर्यादा माणसं मोजते, कॅट नाही. १ कॅटची ३०० बक्षिसं, २ कॅटची १२०, १२ कॅटच्या ब्रिकची (बंद गठ्ठ्याची) ३० अशी ठेवलीत तर ३०० + २४० + ३६० = ९००, कोटा संपला. ॲड-ऑन (बक्षिसावर वेगळे पैसे देऊन घ्यायचे जादा कॅट) उघडे राहिले की हा हिशोब कोलमडतो, तिथेही आकडा घाला. बहुतेकांचा घोळ इथेच होतो.

चौकट_गुलाम
माझं मत उलटं आहे. प्लेट, फॉइलचा डाय (ठसा), मशीन लावणं हा खर्च एकदाच. समजा तो ३००० डॉलर आणि वर दर कॅटला २.५० डॉलर. १००० ला कॅट साडेपाचला पडतो, २५०० ला ३.७० ला. हजारावर कुलूप लावलंत की हा फायदा गेला. साधी आवृत्ती खुली ठेवा, मर्यादित फक्त डबी करा. मात्र ५०० लाल नि ५०० निळे म्हणजे १००० झाले असं धरू नका. पाठीचा रंग बदलला की बहुतेक ठिकाणी ती वेगळी ऑर्डर, किमान मागणीही वेगळी. डबीचंही तसंच, आधी विचारून घ्या.

"अमर्यादित" शब्द मात्र वापरू नका. "मागणीनुसार पुढची छपाई" म्हणा. दुसऱ्या खेपेत शाईची छटा थोडी बदलतेच.

गंजिफावाला
डबीवर क्रमांक द्यायचा असेल तर?

इस्पिक_एक्का
डबीच्या तोंडावरच्या सीलवर दिलात तर डबी उघडताना क्रमांकच फाटतो. डबीच्या तळाशी द्या. यंत्रात थोड्या डब्या खराब होतात, मधले क्रमांक गळतात. त्यामुळे "१०८ क्रमांक तुम्हालाच" असं कोणाला कबूल करू नका. तो शोधायला बंद ब्रिक फोडत बसावं लागेल.

छपाईच्या एका शीटवर सहसा ५६ पत्ते बसतात, तुमचे ५४. उरलेल्या दोनांतल्या एकावर "पहिली आवृत्ती" छापा, पण एकूण आकडा नको. पत्ता छापताना तो माहीत नसतो.

किलवरची_राणी
आणि नाव जपून वापरा. सावंतवाडी गंजिफांना भौगोलिक मानांकन आहे. तिथे दशावतारी संच १२० गोल पत्त्यांचा, हातानं रंगवलेला. छापील कॅटवर "सावंतवाडी गंजिफा" लिहू नका, "गंजिफांवरून" लिहा.