बेन अलीला म्हणे फेसबुकनं पाडलं!

लालबागचा_भोंगा:
कालच्या पोस्टीत एका विद्वानानं ठोकून दिलंय, 'ट्युनिशियात पोरांनी मोबाईलवरून व्हिडिओ टाकले आणि २३ वर्षं सत्तेवर बसलेला राष्ट्राध्यक्ष बेन अली पळाला. संप, युनियन ही गेल्या शतकातली खुळं.' डोकं फिरलं म्हणून लिहितोय, लांबलं तर लांबलं.

फळं विकणाऱ्या बुआझिझीनं सिदी बूझिदमध्ये पेटवून घेतलं १७ डिसेंबर २०१० ला. बेन अली पळाला १४ जानेवारीला. मधले चार आठवडे पोरं जमत कुठे होती? यूजीटीटीच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या कामगार महासंघाच्या, गावोगावच्या कचेऱ्यांच्या दारात! वरचे पुढारी सरकारच्या मांडीवर होते, खालच्या मास्तर-कारकुनांनी त्यांना फरफटत आणलं. १२ तारखेला स्फाक्स शहर बंद, १४ ला राजधानीत संप, संध्याकाळी साहेब सौदीच्या वाटेवर. उलट २००८ ला गाफ्साच्या फॉस्फेट खाणींत भरतीच्या घोळावरून सहा महिने उठाव चालला. तेव्हा त्याच पुढाऱ्यांनी हात झटकले, खाणवाले एकटे पडले आणि चिरडले गेले.

ठाणे_स्लो:
लष्करानं बेन अलीची बाजू सोडली, हे सोयीस्कर गाळलंत. आणि संपाची एवढी ताकद असेल तर मुंबईच्या १९८२ च्या गिरणी संपाचं काय? अडीच लाख माणूस रस्त्यावर. कोण पडलं? गिरण्याच पडल्या. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांनी वाटोळं केलं, आता तिथे मॉल बघा.

परळची_पोर:
काका, सामंतांवर बिल फाडू नका. १९४६ च्या कायद्यानं एका धंद्यात एकच मान्यताप्राप्त युनियन, मग ती कामगाराला नको असली तरी. मालक बोलणार तिच्याशीच. तो कायदा रद्द करा ही मागणीच होती. आमचे आजोबा साचेखात्यात, तिसरी पाळी. संपाच्या आठव्या महिन्यात आजीनं पाणी भरायचा तांब्याचा हंडा गहाण टाकला, लग्नातला. मग बाकीच्यांना कोकणात धाडलं आणि दोघं वाणसामान उधारीवर आणत राहिली. वाटोळं कोणी केलं ते आम्हाला नका शिकवू.

ठाणे_स्लो:
शिकवत नाही हो. माझे काका त्याच संपात गेले कामावर, 'गद्दार' म्हणून चाळीत दोन वर्षं कोणी बोललं नाही त्यांच्याशी. त्यांच्या घरचा हंडा कोण मोजणार?

रांगेतला_माणूस:
संप म्हटलं की मला एवढंच आठवतं, पोरीची बारावीची परीक्षा आणि स्टेशनबाहेर एक रिक्षा नाही. चालत गेलो. हुकूमशहा पाडायचाय तर माझ्या पोरीच्या पेपरदिवशी कशाला?

लालबागचा_भोंगा:
रिक्षा कुठून आली मध्येच? इजिप्तचा हुकूमशहा मुबारक ११ फेब्रुवारी २०११ ला गेला. त्याच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत सुएझ कालव्याच्या सेवा कंपन्यांतले कामगार संपावर बसले होते. १९७८ मध्ये इराणात तेलवाल्यांनी काम थांबवलं, जानेवारीत तिथला राजा, शहा, देश सोडून विमानात.

ठाणे_स्लो:
आणि शहानंतर कोण आलं? सुदानमध्ये डॉक्टर-मास्तरांनी २०१९ ला हुकूमशहा बशीरला घालवला, २०२१ ला लष्करानंच उलटं केलं. ट्युनिशियात त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष सईदनं संसदेला कुलूप लावलं. पाडता येतं, कबूल. पुढचं काय?

परळची_पोर:
तुमच्या तोंडून 'कबूल' आलं, तारीख लिहून ठेवते.

ठाणे_स्लो:
ठेवा. अजून एक लिहा: १९७४ चा रेल्वे संप २० दिवसांत मोडला, आणि १९७७ ला त्या संपाचे पुढारी जॉर्ज फर्नांडिस तुरुंगात बसून मुझफ्फरपूरहून निवडून आले. म्हणजे मोडलेला संपही वाया जात नाही, असं तुम्ही म्हणणार.

लालबागचा_भोंगा:
मी म्हणायच्या आत तुम्हीच म्हणालात, बरं झालं. लष्कर हललं हेही धरतो. पण लष्कर आपोआप हलत नाही राव. बंदर, शाळा, दवाखाना सगळं थांबलं की त्यालाही कळतं, हा हुकूमशहा आता आपल्या गळ्यात पडणार. आमच्याकडे रेल्वे थांबली तेव्हा गिरण्या चालू, गिरण्या थांबल्या तेव्हा रेल्वे चालू.

रांगेतला_माणूस:
हंडा सुटला का ओ, आजींचा?

परळची_पोर:
नाही. व्याजच मुद्दलापुढे गेलं. मी सहा वर्षांची असताना आजोबा मला घेऊन त्या पेढीवर गेले होते. मागच्या पडवीत होता, त्यात कोळसा भरला होता. आजोबांनी हात लावून पाहिला, मग मला चणे घेऊन दिले.