कंपोस्टचा अमोनिया जात नाहीये, स्पॉन (मशरूमचं बी) टाकू का?

कळवेकर:
नमस्कार मंडळी, कळव्याला राहतो, शेड पडघ्याजवळ. बटन मशरूमसाठी लाँग मेथडने, म्हणजे उघड्यावर महिनाभर ढीग पलटत कुजवून, कंपोस्ट लावलंय, आज २६वा दिवस. गव्हाचं काड ३०० किलो, कोंडा ३०, कोंबडखत ६०, जिप्सम ३० आणि युरिया ९ किलो, म्हटलं थोडा जास्त टाकला तर पीक जोरात येईल. आता पलटी मारताना डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं, पीएच पट्टीवर ८.५ आणि ढिगावर बारीक देठाच्या छत्र्या, दुपारपर्यंत काळी शाई होऊन गळतात. स्पॉन आणून ठेवलाय, टाकू का?

रसायनवाली_ऐरोली:
दादा, अजिबात नको, स्पॉनमधून पसरणारं मशरूमचं जाळं अमोनियाने मरेल. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो म्हणजे ९ किलोत चार किलोच्या वर, त्यात काड, कोंडा, कोंबडखताचा धरला तर तुमच्या ४०० किलो मालात जवळजवळ १.९ टक्के होतो, सुरुवातीला दीडच्या आसपास पुरतो, जास्तीचा अमोनिया होऊन सुटतो. ४-५ किलो युरियात भागलं असतं. त्या काळ्या छत्र्यासुद्धा अमोनिया शिल्लक असल्याचीच खूण.

पण तो नुसता उडवून लावायचा नाहीये हो, हे नीट समजून घ्या. ४५ ते ५० डिग्रीला वाढणारे जिवाणू आणि बुरश्या अमोनिया खाऊन स्वतःच्या अंगात प्रथिन करतात आणि पुढे मशरूम तेच खातं. साठच्या वर ते थांबतात, अमोनिया मात्र सुटतच राहतो. पीएच वर असला की तो विरघळून न राहता वायू होतो, तोच डोळ्यांना झोंबतो. म्हणून ढीग मोडून बुटका करा, एक दिवसाआड पलटी, पाणी बंद, मधल्या भागात थर्मामीटर. पीएच साडेसातच्या आसपास आला पाहिजे.

शेडवाला_बदलापूर:
ताई बरोबर बोलतायत. मी मूठभर माल प्लास्टिक पिशवीत बांधून रात्रभर ठेवतो, सकाळी उघडल्यावर झोंबलं तर अजून थांबायचं. मूठ दाबल्यावर बोटांत एखाददोन थेंब यावेत, धार नको. स्पॉन फ्रीजमध्ये ४ डिग्रीला ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको.

कळवेकर:
ताई, हे प्रथिनाचं कोणीच सांगितलं नव्हतं, मी वास म्हणजे नुसती घाण समजत होतो. संध्याकाळी ढीग मोडतो, परवाचा पीएच इथेच टाकतो.