विंडोज ११ होम : मायक्रोसॉफ्ट अकाउंट न उघडता लॅपटॉप सुरू करता येतो का?

काउंटरवाला
नवा लॅपटॉप, विंडोज ११ होम, २४एच२ आवृत्ती. दुकानात दोघं-तिघं आळीपाळीने वापरणार, म्हणून कुणाचाच ईमेल जोडायचा नाही. सेटअप वाय-फायपाशी अडतो. शिफ्ट-एफ१० दाबून कमांड द्यायची, असं जुन्या धाग्यांत आहे. अजून चालतं का?

खटपट्या
त्याच्या भरवशावर राहू नका. नेटची अट टाळणारी बायपास-एनआरओची फाइल मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५च्या चाचणी बिल्डमधून (आवृत्तीतून) काढली, थेट लोकल अकाउंट (फक्त त्या लॅपटॉपपुरतं खातं) उघडणारी लोकल-ओन्लीवाली कमांड ऑक्टोबर २०२५च्या. तुमच्याकडे जुनी बिल्ड असेल तर चालेलही. करून बघायला काही जात नाही.

नाहीच चाललं तर रुफस, म्हणजे पेन ड्राइव्हवर विंडोजचा इन्स्टॉलर बनवणारा प्रोग्रॅम. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरची आयएसओ (विंडोजची इन्स्टॉल फाइल) घ्या. रुफसमध्ये स्टार्ट दाबलं की एक चौकट येते. त्यात ऑनलाइन अकाउंटची अट काढण्याच्या ओळीवर टिक करा, लोकल युजरचं नाव टाका. मग त्या पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून विंडोज नव्याने टाका. इन्स्टॉल होईपर्यंत लॅन केबल बाहेर, वाय-फायला हात लावू नका. लॅपटॉपची डिस्क पुसली जाते, पण लायसन्स की फर्मवेअरमध्ये (मदरबोर्डवरच्या चिपमध्ये) असते. नंतर नेट मिळालं की विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट होतं. वाय-फायचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) आधीच उतरवून ठेवा. इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर इंटेलचा व्हीएमडी ड्रायव्हर लागतो. बरेच जण इथेच लटकतात.

पाटी_पेन्सिल
एवढा खटाटोप नको असेल तर तात्पुरत्या ईमेलने आत जा, मग सेटिंग्ज > अकाउंट्स > युवर इन्फोमधून लोकल अकाउंट करा. एक खोड राहते : सी ड्राइव्हवरच्या युजर फोल्डरला ईमेलची पहिली पाच अक्षरं चिकटतात, ती नंतरही तशीच. लोकल अकाउंट करण्याआधी वनड्राइव्हचा (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचा) बॅकअप बंद करा. तो बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरू नका, फायली वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असतात. तिथून उचलून जागेवर ठेवा.

जुनाजाणता
वरच्या मार्गात एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणं) विसरलात. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने आत गेलात की डिस्क लॉक होते आणि ४८ अंकी रिकव्हरी की त्या अकाउंटमध्ये जाते. तात्पुरता ईमेल विसरलात आणि पुढे मदरबोर्ड बदलला किंवा टीपीएम (किल्ल्या जपणारी चिप) पुसला गेला, तर डेटा गेलाच समजा. की कागदावर उतरवा, नाहीतर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा.

पहिल्यापासून लोकल अकाउंट असेल तर उलटा घोळ : डिस्क एन्क्रिप्ट झालेली असू शकते, पण किल्ली तिच्यावरच उघडी पडलेली. म्हणजे कुलूप लावून किल्ली दाराला टांगलेली. लॅपटॉप चोरीला गेला तर त्या कुलपाचा उपयोग शून्य.

काउंटरवाला
आभार, रुफस करतो. लोकल पासवर्ड विसरला तर?

खटपट्या
पासवर्डसोबत तीन सुरक्षा प्रश्न ठेवता येतात, त्यांची उत्तरं लॉगिनच्या पडद्यावर चालतात. शिवाय दुसरं ॲडमिन अकाउंट करून ठेवा, काउंटरवरच्यांना स्टँडर्ड युजर द्या.