फॉलकर्कचं राहाटगाडगं

खटपट्या:
‘निवांत’ यांनी परवाच्या स्कॉटलंड-वर्णनात फॉलकर्क व्हीलला, म्हणजे बोटी एका कालव्यातून दुसऱ्यात उचलून ठेवणाऱ्या त्या फिरत्या चाकाला, दोन ओळींत निकालात काढलं: "बोट वर जाते, बोगद्यातून जाते, वळते, परत खाली येते. या राहाटगाडग्यापायी अर्धा दिवस फुकट." दोन दिवस गप्प बसलो. आता नाही बसवत.

अहो, खाली फोर्थ-क्लाइड कालवा, वर युनियन कालवा, मधे ३५ मीटरचा चढ. पूर्वी तिथे ११ लॉक होते, म्हणजे पाणी भरून बोटीला पायरी-पायरीने वर चढवणारे दारांचे कप्पे. दारं लाव, पाणी भर, पुढे सरक, यात बोटीचा दिवस मोडायचा. १९३३ मध्ये ते मोडीत निघाले, १९६०च्या दशकात दोन्ही कालवेही बंद पडले. २००२ मध्ये हे चाक आलं. बोटीला पाण्यासकट उचलून २४ मीटर वर ठेवतं, उरलेल्या चढाला वर दोन लॉक. दोन टोकांना दोन हौद, मिळून ५ लाख लिटर पाणी, आणि अर्ध्या फेरीला वीज दीड युनिट. आठ किटल्या पाणी उकळण्याइतकी!

चाक फिरताना हौद कलंडत कसे नाहीत, हे बघत मी दोन तास काठावर उभा होतो. मधलं मोठं दातेरी चक्र जागचं हलतच नाही. हौदांची चक्रं त्याच मापाची, आणि मधे दोन लहान चक्रं. त्यामुळे हौद कायम आडवे. बायको कंटाळून कॅफेत जाऊन बसली, तो भाग वेगळा.

निवांत:
वहिनींना माझा नमस्कार. त्या बैठकीत मीही सामील आहे.

पावसात आईबाबांना घेऊन गेलो होतो. बाबांचे गुडघे दुखतात, तरी हौसेने आले. आत बसल्यावर चाक फिरतंय हेच कळत नाही, सोसायटीच्या लिफ्टमध्ये जास्त हादरे बसतात. वर गेल्यावर आई म्हणाली, "झालं?" या एका शब्दापुढे तुमची दातेरी चक्रं काय करणार? शिवाय कालवे जोडण्याच्या सगळ्या प्रकल्पाला ८.४५ कोटी पौंड! माल कोण नेतंय त्यातून आता?

आणि त्या आठ किटल्या. एका हौदात बोट, पन्नासएक माणसं. दुसऱ्यात नुसतं पाणी. जड बाजू वर उचलायची दीड युनिटात? आम्हीही लाइटबिल भरतो.

सातारी_मिरची:
निवांतशी सहमत. आजोळच्या विहिरीवर राहाट होता. भरलेला पोहरा वर ओढताना हाताला फोड यायचे, रिकामा आपसूक खाली जायचा. जड ते जडच. कोणी शिकवू नये.

खटपट्या:
पोहऱ्याचा इथे काय संबंध? तुमचा एक पोहरा भरलेला, एक रिकामा. इथे दोन्ही हौद भरलेले. बोट हौदात शिरते तेव्हा दार उघडंच असतं, आणि ती स्वतःच्या वजनाइतकं पाणी कालव्यात ढकलून देते. पातळी तीच, तर वजनही तेच. आर्किमिडीज. सातवी-आठवीचा धडा.

सातारी_मिरची:
आठवी पास आहे मी, धन्यवाद. माणसं चढल्यावर काय? तीही पाणी ढकलतात का?

खटपट्या:
माणसं खालच्या धक्क्यावर बोटीत चढतात, हौदाचं दार लागायच्या कितीतरी आधी! बोट तेवढी खोल बसते, तेवढं जास्त पाणी बाहेर. अजून किती सोपं करू?

गणितमास्तर:
भांडू नका. पातेलं काठोकाठ भरून वजनकाट्यावर ठेवा. त्यात वाटी अलगद तरंगत सोडा. सांडलेलं पुसून घ्या आणि काटा बघा. ३१ वर्षं वर्गात हेच करत आलो. दरवर्षी एक मुलगा हटून बसायचा. पुढे तोच इंजिनिअर व्हायचा.

बोका:
पातेली आवरा. खरं कौतुक करायचं तर चेशरमधल्या ॲन्डर्टनचं करा, १८७५ची बोट-लिफ्ट. आणि उंचीच हवी तर बेल्जियममधली स्ट्रेपी-थियू, ७३ मीटर, तीही २००२चीच. फॉलकर्क आपलं फोटोला बरं.

खटपट्या:
फोटोला बरं म्हणे! बँक ऑफ स्कॉटलंडने ५० पौंडांच्या नोटेवर छापलंय ते.

बोका:
ती नोट इंग्लंडातल्या दुकानात देऊन बघा. लंडनच्या एका दुकानदाराने माझी स्कॉटिश नोट उजेडात धरली, मालकाला बोलावलं, मालकाने त्याच्या भावाला बोलावलं. मागे रांग. शेवटी दुधाची पिशवी तिथेच ठेवून आलो.

आजोळकर:
अगदी! माझ्या बाबतीत हेच टॅक्सीत झालं. यावर वेगळा धागा काढा, लिहायला खूप आहे.

खटपट्या:
विषय चाकाचा आहे हो. नोटा कुठे नेता?

सातारी_मिरची:
काल रात्री पातेलं, वाटी, काटा, सगळं केलं. सासूबाई बघत होत्या. वजन सारखंच आलं. आमचा काटा जुना आहे.

निवांत:
बरं, आठ किटल्या मान्य. नाइलाजाने. पण बोटीचं तिकीट काढायला लावू नका. पुन्हा गेलो तर काठावर उभा राहीन, फुकटात. आईला काल तुमचं ते चक्रांचं वाचून दाखवलं. म्हणाली, "मग हे तिथे का नाही सांगितलंस?" आता घरातही बोलणी खातोय, तुमच्या कृपेने.