थुंकी, बेडका की खाकरा?

लालबागकर: मंडळी, शब्दाचाच प्रश्न आहे पण जरा किस्सा ऐका. आमच्या चाळीतल्या काकांना तीन आठवडे खोकला, संध्याकाळी कणकण, डॉक्टरांनी टीबीची शंका म्हणून चिठ्ठी दिली, त्यावर 'थुंकी तपासणी, सीबीनॅट'. काकांनी इमानदारीत थुंकीच दिली, डबीत फेसाळ पांढरी लाळ, आणि रिपोर्ट निगेटिव्ह. खोकला काही जाईना म्हणून परत गेले तेव्हा सिस्टर म्हणाली, 'थुंकी नको हो काका, बेडका द्या, छातीतला'. सकाळी चूळ भरून, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन खोकून काढला, तर घट्ट पिवळट. पॉझिटिव्ह! बेडका हा चांगला शब्द असताना कागदावर थुंकी का लिहितात?

लॅबवाली: कारण बेडका लोकांना घाण वाटतो 😄 खाकरा हाही जुना शब्द आहे पण मुंबईत खाकरा मागितला तर मेथीचा की जिऱ्याचा विचारतील. आमच्याकडे डबी उघडल्या उघडल्या कळतं कोणी लाळ आणलीय. सीबीनॅटचं मशीन भारी आहे, जंतूच्या डीएनएच्या कॉप्या करत करत दोनेक तासांत सांगतं टीबी आहे का, कल्चरला, म्हणजे जंतू लॅबमध्ये वाढवून बघायला, सहा-सहा आठवडे लागतात, पण डबीत जंतूच नसेल तर मशीन कॉपी कशाची करणार? माझं मत बेडकाच.

लालबागकर: अजून एक. रिपोर्टवर होतं 'रिफॅम्पिसिन रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड', रिफॅम्पिसिन म्हणजे टीबीचं औषध. काकांच्या मुलाने मोबाईलवर मराठी केलं, आलं 'प्रतिकार आढळला नाही'. पोरगा रडवेला, म्हणे बाबांची प्रतिकारशक्तीच संपली!

लॅबवाली: अरे देवा. प्रतिकार जंतूचा, काकांचा नाही! रिफॅम्पिसिन जंतूच्या ज्या भागावर घाव घालतं त्याचं जनुक आरपीओबी, त्यात ठरावीक बदल दिसला तर औषध चालणार नाही असं धरतात. आढळला नाही म्हणजे आनंदाची बातमी.

शब्दवेडा: प्रतिकार हा शब्दच इथे नको. आपण बोलतो कसं, 'ताप औषधाला दाद देत नाही'. मग 'रिफॅम्पिसिनला दाद न देणारा टीबी' म्हणा ना, कोण कोणाला दाद देत नाहीये ते लगेच कळतं. आणि माझी जुनी तक्रार, पेपरवाले जिनोम सिक्वेन्सिंगला, म्हणजे जंतूचा सगळा डीएनए अक्षर न् अक्षर वाचण्याला, 'जनुकीय कुंडली' लिहितात ते डोक्यात जातं. कुंडली भविष्य सांगते.

लॅबवाली: कोणतं औषध चालणार नाही हे आधी सांगते म्हणजे थोडं भविष्यच की! पण लागण कोणाकडून कोणाला झाली याचा माग काढायचा असेल तेव्हा कुंडली खरंच चुकीचा शब्द. टीबीच्या जंतूच्या जिनोममध्ये साधारण 44 लाख अक्षरं, वर्षाला सरासरी अर्धं अक्षर बदलतं. दोन पेशंटच्या जंतूंमध्ये पाचपर्यंत अक्षरांचा फरक असला तर लागण अलीकडे एकाकडून दुसऱ्याला किंवा दोघांना एकाच ठिकाणाहून झाली असावी, बारापेक्षा जास्त असेल तर बहुतेक संबंध नाही, मग भले दोघं एकाच मजल्यावर राहात असोत.

शब्दवेडा: मग ही वंशावळ झाली! भाऊबंद कोण ते शोधायचं. स्ट्रेनला, म्हणजे एकाच जंतूच्या वेगवेगळ्या प्रकारांना, 'प्रजाती' लिहितात तेही चूक, प्रजात एकच आहे. 'वाण' म्हणा, भाताचे असतात तसे.

लालबागकर: वाण आवडला. वाण नाही पण गुण लागला, इथे तर वाणच लागतो 😅 बरं, काकांना औषधं सुरू करून दोन महिने होतील, परत सीबीनॅट करायची का?

लॅबवाली: त्यासाठी सीबीनॅट नको, ते मेलेल्या जंतूचा डीएनएसुद्धा पकडतं, औषध नीट लागू पडलं तरी 'डिटेक्टेड' येऊ शकतं. तेव्हा स्लाइड, म्हणजे बेडका काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघणं, आणि कल्चर, कल्चरमध्ये जिवंत असेल तोच वाढतो. काकांना सांगा डॉक्टरांना विचारून जा, आणि डबीत थुंकी नको!

लालबागकर: सांगतो. ते आता चाळीत सगळ्यांना बेडका कसा काढायचा ते दाखवत फिरतायत, काकू वैतागल्यात.