मल्टीमोडल कॉरिडॉर = बहुउद्देशीय मार्गिका?

मधली आळी:
विरार-अलिबाग कॉरिडॉरवर दोन पानांचं मराठी टिपण करतेय. वाचणार आहेत वसईपासून पेणपर्यंतचे जमीनवाले, त्यामुळे सोपं हवं. मल्टीमोडल कॉरिडॉरला वर्तमानपत्रांत 'बहुउद्देशीय मार्गिका' छापतात म्हणून मीही तेच लिहिलं. भावाने वाचून विचारलं, "बहुउद्देशीय म्हणजे यात लग्नाचा हॉलपण आहे का?" पण खरी अडचण पुढची आहे. लेनला मार्गिका, मेट्रोच्या लाइनला मार्गिका, कॉरिडॉरलाही मार्गिका. माझं एक वाक्य असं झालंय: "या मार्गिकेत वाहनांच्या मार्गिका, बसची स्वतंत्र मार्गिका आणि मधोमध मेट्रो मार्गिकेसाठी जागा असेल." कॉरिडॉरला धड मराठी शब्द सुचवा. रविवारी छापायला द्यायचंय.

कानामात्रा:
बहुउद्देशीय चूकच. उद्देश एकच आहे, वाहतूक. साधनं अनेक आहेत. 'बहुसाधनी' म्हणा. मार्गिकेबद्दल सांगायचं तर 'इका' हा लघुत्व दाखवणारा प्रत्यय आहे: पुस्तिका, नाटिका, पत्रिका. लेनला मार्गिका शोभते. ९९ मीटर रुंदीच्या गोष्टीला मार्गिका म्हणणं हा विनोद आहे. 'महापथ' वापरा.

विरार फास्ट:
पत्रिका लघु असते? आमच्या घरातल्या लग्नाची चार पानी होती.
आणि ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ला सुरू झाली, तेव्हा पेपरात मार्गिका, प्लॅटफॉर्मवर मात्र 'पाचवी-सहावी लाइन'. डब्यात आजतागायत कुणाच्या तोंडून मार्गिका ऐकलेली नाही.

कानामात्रा:
डब्यात जे बोलतात ते लिहायचं ठरवलं तर हा धागा उडवावा लागेल.

पाणंद:
मी भिवंडी तालुक्यातला. आमच्याकडे सरळ 'कॉरिडॉर पडलाय' म्हणतात. जमिनीवर आरक्षण पडतं, डीपी रोड (विकास आराखड्यातला रस्ता) पडतो, तसाच कॉरिडॉर पडतो. ज्या गोष्टी आपल्याला न विचारता येतात त्यांना मराठीत 'पडणे' लावतात. पाऊस पडतो, धाड पडते, दरोडा पडतो. ताई, तुम्ही महापथ लिहिलंत तर आमच्या गावात लोकांना वाटेल हा दुसराच कुठला रस्ता आला. कॉरिडॉर राहू द्या.

ओळंबा:
आयुष्यभर नगररचनेचे नकाशे काढले, म्हणून दोन शब्द. कॉरिडॉर म्हणजे रस्ता नव्हे. पंचवीस-तीस वर्षांनी काय काय लागेल याचा अंदाज बांधून आजच अडवून ठेवलेली जमीन म्हणजे कॉरिडॉर. ही कल्पना मुंबई महानगर प्रदेशाच्या २००८च्या सर्वंकष वाहतूक अभ्यासातली. त्या अभ्यासाची नजर २०३१वर होती. त्या सव्वाशे किलोमीटरच्या पट्टीत कधी काय येईल हा पुढचा प्रश्न, आधी जागा राखायची. म्हणून मार्ग, पथ, रस्ता हे सगळे शब्द फसवतात, कारण त्यांत वाट दिसते आणि जमीन लपते. माझं मत 'पट्टा'. हरित पट्टा आपण म्हणतोच. 'वाहतूक पट्टा' म्हणा, नकाशा न बघताही कळेल.

विरार फास्ट:
ओळंबाकाका, पटलं. पण आधी जागा, मग गाडी, हे आपल्याकडे कागदावरच होतं. नवी मुंबईची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता या वास्तुरचनाकारांनी आणि अभियंता शिरीष पटेल यांनी १९६५च्या आसपास मांडली, ती वसवणारं सरकारी महामंडळ सिडको १९७०चं, आणि लोकल वाशीला पोचली १९९२मध्ये! बावीस वर्षं लोक एसटी आणि बेस्टवर.

ओळंबा:
एवढा वेळ लागला तरी रुळांसाठी जागा होती, कारण ती धरून ठेवली होती. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याला आयत्या वेळी जागा मोकळी करायला किती वर्षं गेली ते आठवा. असो. सिडकोचा 'नोड' (नवी मुंबईतलं एकेक उपनगर) मात्र मराठीत आलाच नाही. वाशी नोड, खारघर नोड. कुणी 'गाठ' म्हणून पाहिलं नाही, बरंच झालं.

पाणंद:
काका, पट्टा नको. का ते सांगतो. आमच्या पालघर-ठाण्याकडे पट्टा म्हणजे वनपट्टा. २००६च्या वनहक्क कायद्याने आदिवासी कुटुंबाला कसत असलेल्या जमिनीचा जो हक्क मिळतो, तो. "पट्टा मिळाला का?" असं विचारतात. म्हणजे पट्टा ही मिळणारी गोष्ट आहे. टिपणात "तुमच्या शेतातून पट्टा जाणार" असं छापलं तर वाचणारा अर्धा खूश होईल, अर्धा गोंधळेल. वर भाडेपट्टा आहेच.

ओळंबा:
हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मोठा मुद्दा आहे.

मधली आळी:
पट्टा गेला म्हणजे. बरं, याच टिपणातली दुसरी गाठ. मुंबई महानगर प्रदेशाच्या २०१६ ते २०३६च्या प्रादेशिक योजनेत 'ग्रोथ सेंटर' आहेत, म्हणजे नोकऱ्या मुंबई बेटाबाहेर नेण्यासाठी ठरवलेल्या जागा. 'वाढ केंद्र' लिहिलं तर पंगतीत वाढपी फिरताहेत असं वाटतं. 'विकास केंद्र' चालेल?

कानामात्रा:
अजिबात नाही. ग्रोथ म्हणजे वाढ, डेव्हलपमेंट म्हणजे विकास. हा भेद पुसला की अक्कल पुसली जाते. हद्दवाढ, भाववाढ, लोकसंख्यावाढ हे कमावलेले शब्द आहेत, त्यांत पंगत कुठे आली?

विरार फास्ट:
या सगळ्या वाढींत लोकांना फक्त पगारवाढ आवडते, ते लक्षात घ्या. पुण्यात २०१७ला ११ गावं, २०२१ला २३ गावं पालिकेत आली. हद्दवाढच. टँकर तसेच चालू. तिला विकास म्हटलं असतं तर चिडले असते लोक, वाढ म्हटलं म्हणून निदान शब्द तरी खरा ठरला.

ओळंबा:
विकासाबद्दल एक गंमत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ यात 'विकास' या शब्दाची व्याख्या आहे, कलम २ मध्ये. बांधकाम, खोदकाम, जमिनीच्या वापरात बदल, भराव टाकणं हे सगळं विकासात येतं, आणि असलेली इमारत पाडणं हेही. चांगलं-वाईट याचा त्यात काही संबंध नाही. विकास शुल्क लागतं, विकास परवानगी लागते, ती याच अर्थाने. सभेत भाषण करणारा विकास आणि आमच्या टेबलावरचा विकास ही एकाच नावाची दोन माणसं. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या प्रादेशिक नियोजनावरच्या समितीनंतर हा कायदा आला. शब्द घडवणाऱ्यांनी तेव्हा हा घोळ पाहिला असता तर बरं झालं असतं.

पाणंद:
म्हणजे बुलडोझर आला तरी कायद्याने विकासच!

सोनकी:
फोंड्याहून. आमच्याकडे प्रादेशिक आराखडा २०११ लोकांनी रस्त्यावर उतरून २००७मध्ये मागे घ्यायला लावला. त्यानंतर नुसतं 'आराखडा' म्हटलं तरी म्हातारीकोतारी सावध होतात. वाढ म्हणा की विकास म्हणा, आमचा पहिला प्रश्न एकच: सेटलमेंट झोन (वस्ती-बांधकामासाठी ठरवलेली जमीन) किती वाढला? तो 'वाढला'च म्हणतात, विकसित झाला नाही.

विरार फास्ट:
अनुवादाचा खरा कळस 'नैना'. २०१३पासून सिडकोकडे असलेलं विमानतळाभोवतीचं क्षेत्र. नावातल्या इन्फ्लुअन्सचं पेपरात 'प्रभावित' झालं: नवी मुंबई विमानतळ प्रभावित अधिसूचित क्षेत्र. प्रभावित म्हणजे पूरग्रस्त वगैरे. पनवेलकडचा माझा मित्र म्हणतो, चुकून का होईना, बरोबर छापलंय.

कानामात्रा:
'प्रभावक्षेत्र' हा साधा शब्द होता. आळस, दुसरं काही नाही. 'उन्नत मार्ग' हाही त्याच कारखान्यातला. खांबावर चढवल्याने मार्ग उन्नत होत नाही.

विरार फास्ट:
मग काय म्हणायचं, 'उचललेला मार्ग'? लेनचं बोला. तुम्ही तिला मार्गिका देऊन मोकळे झालात, पण मराठीत लेनला आधीपासून शब्द आहे: पदर. चौपदरी, सहापदरी. रस्ता सहापदरी झाला हे शेंबडं पोरही समजतं. लेनला पदर द्या, मार्गिका रिकामी होते, ती कॉरिडॉरला वापरा, संपला प्रश्न.

कानामात्रा:
संपला नाही. पदर फक्त समासात चालतो. "डावा पदर अवजड वाहनांसाठी" असा फलक द्रुतगती मार्गावर लावून दाखवा.

सोनकी:
"पदर सोडू नका." घाटात लावा, अपघात कमी होतील.

ओळंबा:
हसा, पण हा साडीचा पदर नाही. दोरीचा आहे. तिपदरी सुंभ, चौपदरी दोर. वळलेल्या प्रत्येक धाग्याला पदर म्हणतात. साडीचा अर्थ मागून आला असावा.

कानामात्रा:
उलट असणार. वस्त्राचं टोक आधी, मग घडी, मग थर, मग दोरीचा पेड. दोरीला मुळात 'पेड' हा स्वतंत्र शब्द असताना ती पदर उसना का घेईल?

पाणंद:
आमच्यात वेणीला पेड आणि दोरीला पदर. उसनं कुणी कुणाकडून घेतलं नाही.

कानामात्रा:
आमच्याकडे दोरीलाही पेडच म्हणतात. देशावर विचारून बघा.

ओळंबा:
मी देशावरचाच आहे.